छोट्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल: फॉगिंग मशीनच्या आधी काय?

प्रश्न असा आला आहे: "सिंहगड रस्त्यावरच्या २५ खाटांच्या हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर आहे. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी सुरू झाल्यापासून इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणूनही माझंच नाव लागलंय, ड्युटी मात्र तीच. सर म्हणतात, आधी ओटीत जंतुनाशकाचा धूर सोडणारं एक चांगलं फॉगिंग मशीन घेऊन टाकू. विजिटिंग डॉक्टरांना हात धुवायला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. शिवाय दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या दोन पेशंटच्या जखमा भरून आल्यावर महिन्याभराने परत वाहायला लागल्यात. सुरुवात कुठून करू?"

सिस्टर, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. सुरुवात त्या दोन जखमांपासून करा. बाकीच्या फायली आठवडाभर थांबल्या तरी काही बिघडत नाही.

टाके निघाले, जखम छान मिटली, पेशंट घरी गेला आणि काही आठवड्यांनी पोर्टच्या, म्हणजे दुर्बीण घालायला पाडलेल्या छिद्राच्या, जागी बारीक गाठ येऊन पाणी गळायला लागलं. नेहमीच्या अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटलं, परत सुरू. हे चित्र दिसलं की मायक्रोबायॉलॉजीतल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येतात ते एटिपिकल मायकोबॅक्टेरिया. टीबीच्या जंतूच्या गोतातलेच, पण यांचा मुक्काम मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपात. फोर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅबसेसस ही त्यातली नेहमी भेटणारी मंडळी. साध्या पस कल्चरच्या दोन दिवसांत ते बहुधा उगवतच नाहीत, रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून सर्जनना सांगा, कापसाचा स्वॅब नको. प्रत्यक्ष पस किंवा टिश्यूचा तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मलिन न घालता पाठवा आणि फॉर्मवर 'एएफबी स्टेन व मायकोबॅक्टेरियल कल्चर' असं स्पष्ट लिहा. रिपोर्टआधीच टीबीच्या गोळ्या सुरू करायची घाई नको. यातल्या बऱ्याच जंतूंना त्या नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, औषधं वेगळी असतात आणि महिनोन्‌महिने घ्यावी लागतात.

तोवर तुम्ही ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर काढा. दोघांच्या तारखा, कोणता सेट वापरला, आणि त्या दिवशीच्या यादीत त्यांचा नंबर कितवा होता. दोघंही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे निघाले, तर पुढचा तपास सिडेक्सच्या (ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकाच्या) ट्रेजवळ येऊन थांबण्याची शक्यता मोठी आहे. छोट्या हॉस्पिटलात लॅपचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा, सेट एकच असतो. सकाळची पहिली केस ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक केलेल्या सेटवर होते आणि पुढच्या सगळ्या 'वीस मिनिटं सिडेक्समध्ये बुडवून' उरकतात. २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं ठेवणं याला हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन म्हणतात, म्हणजे चिवट बीजाणू उरू शकतात; सगळे जंतू मारणारं स्टरलायझेशन नाही. स्टरलायझेशनसाठी त्याच द्रावणाला दहा तासांच्या आसपास लागतात. चेलोनीचे काही प्रकार तर ग्लुटारल्डिहाइडला दाद देत नाहीत. त्यावर कडी म्हणजे नंतर ते अवजार नळाच्या, फार तर उकळून गार केलेल्या पाण्याने खंगाळायचं. ज्या पाण्यात हे जंतू राहतात तेच पाणी, आणि अवजार थेट पोटात.

एक दिवस ओटीत उभ्या राहा आणि एकच ग्रास्पर (पोटात पकडायचा लांब चिमटा) धरा. एका पेशंटच्या पोटातून बाहेर आल्यापासून दुसऱ्याच्या पोटात जाईपर्यंत त्याला डोळ्याआड होऊ देऊ नका. कुणी त्याचे भाग सुटे करतं का? जबड्याच्या खाचेत ब्रश जातो का, की वरून पाण्याची धार सोडून काम भागवतात? नळीच्या आतून पाणी सोडतात का? वाळलेल्या रक्ताच्या खपलीखाली कोणतंही केमिकल पोहोचत नाही, आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेचंही तेच. त्यामुळे क्रम पक्का: सुटं करणं, एन्झायमॅटिक क्लीनरमध्ये भिजवणं, ब्रशने घासणं, खंगाळणं, कोरडं करणं आणि मग ऑटोक्लेव्ह. लॅपची बहुतेक धातूची अवजारं ऑटोक्लेव्ह होतात. टेलिस्कोपवर 'ऑटोक्लेव्हेबल' कोरलेलं नसेल तर प्लाझ्मा किंवा ईटीओ वायूने निर्जंतुक करायचा. पुण्यात ही सेवा बाहेरून करून मिळते. पण ईटीओनंतर वायू निघून जायला बरेच तास द्यावे लागतात, त्यामुळे दोन केसच्या मध्ये तो उपाय चालत नाही. खरा उपाय म्हणजे दुसरा सेट, नाहीतर दिवसाला केस कमी. सरांशी पैशाचं बोलणं करायचंच असेल तर इथे करा.

ऑटोक्लेव्हबद्दल दोनच गोष्टी. १२१ अंश, १५ पौंड दाब हे सगळ्यांना पाठ असतं. पण ड्रम ठासून भरला असेल तर काटा १२१ दाखवत असताना मधल्या गठ्ठ्यापर्यंत वाफ गेलेलीच नसते. दुसरी गोष्ट पॅकेटवरच्या टेपची. त्यावर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे पॅकेट मशीनमध्ये जाऊन आलं एवढंच कळतं, आतलं निर्जंतुक झालं की नाही हे नाही. त्यासाठी पॅकच्या पोटात केमिकल इंडिकेटर ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा जिओबॅसिलसच्या बीजाणूंची बायोलॉजिकल टेस्ट लावायची. त्याचा रिपोर्ट रजिस्टरला चिकटवा. एनएबीएचवाले तो मागतीलच, पण त्यांच्या आधी तुम्हाला तो हवा.

एक वस्तू धरून तिच्या मागे जायचं, ही युक्ती मी मुद्दाम आधी सांगितली. इन्फेक्शन कंट्रोलच्या पुस्तकात स्टँडर्ड प्रिकॉशन्स, ट्रान्समिशन-बेस्ड प्रिकॉशन्स अशी मोठी प्रकरणं असतात आणि ती खरीच आहेत. पण छोट्या हॉस्पिटलात काम सुधारतं ते एका वस्तूचा प्रवास स्वतः बघितल्याने. जंतू आपण होऊन या खाटेवरून त्या खाटेवर जात नाही. त्याला कुणाचा तरी हात लागतो, कुठली तरी सुई, नळी, पाणी लागतं. हवेतून जाणारे आजार आहेत, पण ते मोजके आहेत. त्यांच्याकडे नंतर येते.

आता सलाईनच्या बाटलीमागे जा. नर्सिंग काउंटरवर १०० किंवा ५०० एमएलची एनएसची बाटली असते, तिच्या बुचात एक सुई कायमची खोचलेली असते आणि सकाळपासून सगळ्यांची अँटिबायोटिक त्यातूनच डायल्यूट होतात, कॅन्युलाचं फ्लशही तिथूनच. ही बाटली माझ्या दृष्टीने वॉर्डातली सगळ्यात धोकादायक वस्तू आहे, डस्टबिनपेक्षाही. त्या उघड्या सुईतून आत गेलेला बुर्खोल्डेरिया किंवा सुडोमोनास जंतू नुसत्या सलाईनमध्येही तग धरतो आणि प्रत्येक इंजेक्शनबरोबर नव्या माणसाच्या रक्तात उतरतो. याची खूण ओळखून ठेवा: आयव्ही दिल्यावर थोड्याच वेळात पेशंटला हुडहुडी भरते, आणि एकाच पाळीत दोघा-तिघांना. 'औषधाची रिअ‍ॅक्शन' म्हणून एव्हिल-हायड्रोकॉर्ट या अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनांनी ती मिटवली जाते. तसं झालं तर बाटली फेकू नका, सील करून कल्चरला पाठवा आणि ब्लड कल्चर घ्या. रोजच्या वापराला १० एमएलच्या प्लॅस्टिक अँप्युल आणा, एका पेशंटला एक. बाटलीपेक्षा थोडा खर्च वाढतो, हे खरं आहे.

त्याच काउंटरवर स्पिरिटच्या कापसाची वाटी असेल. सकाळी कापूस भिजवून ठेवायचा आणि दिवसभर बोटांनी उचलायचा. स्पिरिट उडून जातं, खाली उरतो तो ओला, बोटं लागलेला कापूस. जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनच्या मार्गदर्शिकेत भिजवून ठेवलेल्या कापसाला साफ मनाई केली आहे. कापूस कोरडा ठेवा, स्पिरिट लागेल तेव्हा ओता, जागा तीस सेकंद पुसा आणि वाळू द्या. वाळू देणं लोक विसरतात. ओल्यावर टोचलं तर अल्कोहोलला काम करायला वेळच मिळत नाही. काही वॉर्डांत अजून चीटल फोर्सेप्सची (वस्तू उचलायच्या चिमट्याची) बरणी असते, सॅव्हलॉनमध्ये उभी. ती बंदच करा, त्यावर आणखी चर्चा नको.

इन्सुलिनच्या व्हायलवर उघडल्याची तारीख, २८ दिवसांनी बाद. साखर तपासायचं टोचायचं पेन दोन पेशंटना एक, असं कधीही नाही, सुई बदलली तरीही नाही. हिपॅटायटिस बी अशाने पसरल्याच्या नोंदी जगभर आहेत. ग्लुकोमीटरही प्रत्येक वापरानंतर पुसायचा.

थ्री-वेचं, म्हणजे आयव्हीच्या तीन तोंडांच्या तोटीचं, टोपण बघा. इंजेक्शन देताना सिस्टर ते काढतात, लॉकरवर ठेवतात, चहाच्या कपाशेजारी, आणि काम झालं की परत लावतात. टोपण नवीनच लावायचं आणि जोडणीची जागा स्पिरिटने पंधरा सेकंद घासून मगच सिरिंज लावायची. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची लांब नळी) तुमच्याकडे क्वचित पडत असेल. तरी एक उदाहरण सरांना सांगण्याजोगं आहे: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी पाचच गोष्टी नियमाने केल्या. हात धुणं, लाइन टाकताना पूर्ण गाऊन-ड्रेप, क्लोरहेक्झिडिनने त्वचा साफ करणं, जांघेतली लाइन शक्यतो टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं. दीड वर्षात लाइनमधून होणारं रक्ताचं इन्फेक्शन सुमारे दोन तृतीयांशाने उतरलं. २००६ साली हे छापून आलं. त्यात एकही नवं यंत्र नव्हतं. एक तपासयादी होती आणि ती पाळली गेली नाही तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला होता. हा अधिकारच मला त्यातला कळीचा भाग वाटतो.

युरिन कॅथेटरचं तसंच. यूरोबॅग जमिनीवर टेकलेली नको, आणि स्ट्रेचरवर घेताना पेशंटच्या पोटावर ठेवलेली तर नकोच, बॅगेतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पण मी तुम्हाला त्याहून एक साधी गोष्ट बघायला सांगेन. बॅग रिकामी करायचा मोजमापाचा जग वॉर्डात किती आहेत? एकच असेल तर मामा तोच जग घेऊन एका पाठोपाठ एक सगळ्या खाटांवर जातात, बॅगेची तोटी जगाच्या कडेला टेकते आणि एका पेशंटचा क्लेबसिएला जंतू सगळ्या वॉर्डाला मिळतो. प्रत्येक कॅथेटरच्या पेशंटला त्याचा जग, त्यावर खाटेचा नंबर. आणि राउंडला रोज एक प्रश्न: "सर, कॅथेटर अजून हवाच आहे का?" कित्येक कॅथेटर फक्त काढायचं कुणाला आठवलं नाही म्हणून तसेच राहिलेले असतात.

हातांकडे येते. हॅन्डरब वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी चाळीस ते साठ सेकंद. हाताला काही लागलेलं दिसत असेल किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण-पाणीच; क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंना अल्कोहोल काहीही करत नाही. पाच वेळा कोणत्या ते पोस्टरवर असतंच: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-पस यांच्याशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. निरीक्षण केलंत तर दिसेल की 'नंतर'चे हात लोक बरे धुतात, कारण त्यात स्वतःची भीती असते. 'आधी'चे हात राहून जातात. तिथेच पेशंटचा जीव असतो.

हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असं नाही. तेच ग्लोव्हज घालून ड्रेसिंग, मग फाइल, मग मोबाइल, मग दुसरी खाट, हे तुम्ही रोज बघता. कोविडनंतर ही सवय वाढलीच आहे.

डॉक्टरांशी भांडण कसं टाळायचं? पोस्टर कुणी वाचत नाही आणि सगळ्यांसमोर टोकलं तर सर्जनचा अहंकार दुखावतो. हे विजिटिंग सर्जन कोथरूडहून निघून वाटेत दोन हॉस्पिटलं करून तुमच्याकडे येतात आणि पुढे हडपसरला जातात. त्यांच्या हातावर तीन हॉस्पिटलांचे जंतू असतात, हे त्यांनाही ठाऊक असतं, फक्त घाई असते. तर बाटली बेसिनजवळच्या भिंतीवर नको, खाटेच्या पायथ्याशी आणि ड्रेसिंग ट्रॉलीवर हवी. राउंडला तुम्ही फाइल धरता तशी एका हातात बाटली धरा. सर्जन खाटेशी आले की काहीही न बोलता पंप पुढे करा. पुढे केलेल्या पंपाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. महिन्याभरात ते स्वतःच हात पुढे करतात. नाही केला तर तो प्रश्न तुम्ही नाही, मेडिकल डायरेक्टरनी सोडवायचा. तेवढं आधी लेखी ठरवून घ्या. अधिकार नसलेली इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणजे फक्त रजिस्टर भरणारी बाई.

मोजायचं कसं, तर स्टोअरच्या वहीवरून. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ निकष आहे: एका पेशंटमागे दिवसाला निदान २० एमएल हॅन्डरब. तुमच्या २५ पैकी रोज सरासरी २० खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे ६०० पेशंट-दिवस होतात, म्हणजे १२ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या. स्टोअरमधून महिन्याला पाच-सहाच बाटल्या जात असतील तर हात किती धुतले जातात हे कुणाला विचारायची गरज नाही. हा आकडा दर महिन्याला सरांच्या टेबलावर ठेवा.

आता तुमचं फॉगिंग मशीन. मी त्यावर पैसे घालणार नाही. ओटी आधी साबणाच्या पाण्याने आणि डिसइन्फेक्टंटने नीट पुसलेली असेल तर रोजच्या फॉगिंगने त्यात फारशी भर पडत नाही. पुसलेली नसेल तर धुराने ती स्वच्छ होत नाही. फॉर्मलिनचं फॉगिंग तर कायमचं सोडा, फॉर्मल्डिहाइड कर्करोग करणारं रसायन म्हणून जाहीर झालेलं आहे आणि ते श्वासात जातं तुमच्याच ओटी स्टाफच्या. ओटीत केस चालू असताना दार किती वेळा उघडतं ते एकदा मोजा. दर आठवड्याला ओटीचे दहा ठिकाणचे स्वॅब कल्चरला पाठवायची पद्धतही मला खर्चीक विधी वाटते. जखमा बिघडायला लागल्या, किंवा ओटीत बांधकाम झालं, एसी बदलला, तेव्हा जरूर पाठवा. एरवी तेच पैसे जखमेच्या पस कल्चरवर घाला. आपल्याकडे ते पैसे वाचवायला केलंच जात नाही आणि अँटिबायोटिक मात्र अंदाजाने चढत जातं.

सर्जरीच्या जखमांसाठी आणखी दोन गोष्टी धुरापेक्षा उपयोगी. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढणं बंद. काढायचेच असतील तर ऑपरेशनच्या वेळी क्लिपरने. वस्तऱ्याच्या न दिसणाऱ्या चिऱ्यांत रात्रभर जंतू वाढतात. आणि अँटिबायोटिकचा डोस काप देण्याआधी तासाभरात, वॉर्डातून 'सकाळी सहाचं इंजेक्शन' म्हणून नाही. केस अकराला लागली तर सहाचा डोस बहुतेक वाया गेलेला असतो. जंतूंचा भाग न उघडलेल्या स्वच्छ ऑपरेशनला नंतर पाच दिवस अँटिबायोटिक चालू ठेवल्याने जखम जास्त चांगली भरत नाही, हा वाद सर्जनशी तुम्ही घालू नका. त्यांना भूलतज्ज्ञांकडून सांगवा.

फरशीवरून जंतू पेशंटला क्वचितच लागतो. लागतो तो खाटेच्या कठड्यावरून, लॉकरवरून, सलाईन स्टँडवरून, बेलच्या बटणावरून, बीपीच्या कफवरून, पल्स ऑक्सिमीटरच्या चिमट्यावरून. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. मावशी फरशी दिवसातून तीनदा पुसतात, कारण तपासणी फरशीचीच होते. कठड्याला कुणी हात लावत नाही. पुसायचा क्रम स्वच्छाकडून घाणीकडे, वरून खाली, केरसुणीने कोरडं झाडणं अजिबात नाही. पोछा वापरून झाला की धुऊन उन्हात वाळवायचा. बादलीत रात्रभर ओला राहिलेला पोछा सकाळी जंतूच फिरवतो.

हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचं) प्रमाण मावशींना टक्क्यात सांगू नका, मापात सांगा. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ टक्का करायचा तर एक मग हायपो आणि चार मग पाणी. कठडे, लॉकर यांना ०.१ टक्का पुरे, म्हणजे एक भाग हायपो आणि ४९ भाग पाणी. मात्र बाटलीवरचा टक्का आधी वाचा, बाजारात तो वेगवेगळा असतो. द्रावण रोज ताजं, झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब. टॉयलेट क्लीनर किंवा कुठल्याही अ‍ॅसिडबरोबर मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेततं. रक्त सांडलं तर आधी ग्लोव्हज, वर टिश्यू किंवा जुनं कापड, त्यावर १ टक्का हायपो, किमान दहा मिनिटं थांबायचं आणि मग उचलून पिवळ्या पिशवीत.

पाण्याबद्दल तुमच्या भागाला वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीच्या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर परिणाम करणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तो हॉस्पिटलातला संसर्ग नव्हता. पण तुमच्या टाकीत येतं ते पाणी त्याच परिसरातलं, उन्हाळ्यात टँकरचं. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहा आणि नळाला उरलेला क्लोरीन क्लोरोस्कोपने रोज तपासा; ०.२ पीपीएमपेक्षा कमी नको. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत आणि नेब्युलायझरमध्ये मात्र नळाचं पाणी कधीच नाही, तिथे स्टराइल वॉटर.

हवेतून पसरणारे म्हणजे मुख्यतः फुप्फुसाचा टीबी, गोवर आणि कांजिण्या. तुमच्याकडे निगेटिव्ह प्रेशरची खोली नसणार, बहुतेक छोट्या हॉस्पिटलांत नसते. बाहेर उघडणारी खिडकी, खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट आणि बंद दार, यावर बरंच निभावतं. स्प्लिट एसीच्या खोलीत असा पेशंट ठेवू नका, तो तीच हवा फिरवत राहतो. पेशंटला साधा सर्जिकल मास्क, स्टाफला एन-९५. उलटं नको. २००९ च्या स्वाइन फ्लूत अख्खं पुणं रुमाल बांधून फिरत होतं, तेव्हापासून मास्क या शहराला नवा नाही. पण मास्क गळ्यात लटकवण्याची सवयही तेव्हापासूनचीच. खरी गळती ओपीडीच्या बाकावर असते. तीन आठवडे खोकणारा माणूस एसीच्या वेटिंगमध्ये दीड तास बसतो, शेजारी टाके दाखवायला आलेली बाळंतीण. रिसेप्शनच्या मुलीला एक प्रश्न शिकवा: "खोकला किती दिवस आहे?" दोन आठवड्यांच्या वर असेल तर मास्क द्यायचा, खिडकीपाशी बसवायचं आणि आधी आत सोडायचं.

नातेवाइकांशी लढू नका. जुन्नर-भोरहून आलेली सून सासूचं बेडपॅन देते, जेवू घालते, पाय चेपते. तिच्याशिवाय तुमची रात्रपाळी चालणारच नाही. तिला स्टाफ समजूनच हॅन्डरब शिकवा. शेजारच्या खाटेच्या आजींना ती माणुसकीने मदत करते, तेवढं मात्र गोड बोलून थांबवा.

कचऱ्याबद्दल थोडक्यात, कारण पालिकेची आणि प्रदूषण मंडळाची माणसं ते तपासतात, म्हणून ते बहुतेक ठिकाणी बरंच असतं. रक्त-पस लागलेला कापूस पिवळ्यात, सलाईन सेट-कॅथेटर-ग्लोव्हज लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. ४८ तासांच्या वर साठवण नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही.

आणि सुई टोचलीच तर? साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, हायपो ओतायचा नाही. लगेच इन्चार्जला सांगायचं. लपवण्याची पद्धत मोडा, ओरडणाऱ्याला आधी ओरडा. पेशंटची एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) तपासणी. एचआयव्ही टाळायची गोळी लागणार असेल तर शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत तरी नक्की, आणि पुढे २८ दिवस. पहिल्या डोसचं पाकीट तुमच्या इमर्जन्सी ट्रॉलीत हवं, पुढचं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात. ससूनला ते आहे. धोक्याचा हिशोब स्टाफला सांगा: बाधित सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, हिपॅटायटिस सी शंभरात दोनच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी शंभरात तिसापर्यंत. सगळे घाबरतात पहिल्याला, तयारी करायला हवी तिसऱ्याची. लस तीन डोसची, ०, १ आणि ६ महिने; शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर १० किंवा वर आलं की काम झालं.

ही लस सिस्टर आणि ब्रदरना बहुधा दिलेली असते. ठेकेदाराच्या मावशींना नसते, आणि पिशवीतून बाहेर आलेली सुई टोचते त्यांनाच. 'त्या आमच्या पेरोलवर नाहीत' हे उत्तर तुम्हाला मिळेल. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी हॉस्पिटल चालवणाऱ्यावर टाकली आहे, पेरोल कुणाचा का असेना. नियमाचं ते पान छापून घ्या, मावशींच्या नावांची यादी त्याला जोडा आणि फॉगिंग मशीनच्या कोटेशनवर सही व्हायच्या आधी सरांच्या टेबलावर ठेवा.